अर्ध्या सुराचा फरक

मिक्सिंगचं काम हाती घेतलं की पहिल्या दोन दिवसांत वाजवणाऱ्यांचे फोन येतात. प्रत्येक जण वेगळा फोन करतो, आधी तब्येतीची चौकशी करतो आणि मग आपलं वाद्य जरा वर ठेवायला सांगतो. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. राजाजीनगरच्या हॉलमधल्या त्या रेकॉर्डिंगनंतरही तीन फोन आले. पण तिघांपैकी कुणीही स्वतःचं वाद्य वर करायला सांगितलं नाही. माझा संशय तिथून सुरू झाला.

मी बारा वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काम केलं आणि नंतर त्याच संस्थेच्या ध्वनिविभागात आले. सुट्टीच्या दिवशी छोट्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग आणि त्यांचं मिक्सिंग करते. एचएसआर लेआउटमधल्या भाड्याच्या फ्लॅटमधली दुसरी खोली त्यासाठी ठेवली आहे. आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना गाद्या लावल्या आहेत. डेस्कवरचा नियम इथेही पाळते. जे घडलं नाही ते घालायचं नाही. चुकलेला सूर यंत्रानं सरळ करायचा नाही, आणि टाळ्या कमी पडल्या तर बाहेरून आणायच्या नाहीत.

हे चौघे स्वतःला थोडं थट्टेनं 'आमचा बँड' म्हणत. गायिका त्रेसष्ट वर्षांच्या, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथे आले आणि इथलेच झाले. त्यांना सगळे अक्का म्हणत. पेटी वाजवणारे त्याच संस्थेतले त्यांचे जुने सहकारी, त्यांना अण्णा म्हणत. तबलजी निपाणीकडचे, मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपवणारे. गिटार वाजवणारा पस्तिशीतला, पुण्याहून आलेला, कोरमंगलाच्या एका कंपनीत कामाला. भावगीतांच्या वळणाची, चाली स्वतः लावलेली गाणी ते म्हणत. त्यांचं रेकॉर्डिंग यापूर्वी कुणी केलेलं नव्हतं.

मराठी मंडळाचा कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला होता. मी चार माईक लावले, एकेका माणसाला एकेक. निवेदिका स्टेजवर आली तेव्हा रेकॉर्डर सुरू केला. दुसऱ्या गाण्याआधी अक्का जे बोलल्या ते रेकॉर्डिंगवर असं आहे: "तीस वर्षं मी काळी चारमध्ये गातेय. ज्या दिवशी पट्टी उतरवावी लागेल त्या दिवशी गाणं बंद. खाली तुमच्यात येऊन बसेन." त्यावर टाळ्या आहेत. पेटीवरची जी पट्टी गायक आपला सा म्हणून धरतो ती त्याची पट्टी. काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी. साठीनंतर बहुतेक गायिका ती सोडून खाली येतात. अक्का आल्या नव्हत्या, आणि हे त्या लोकांना सांगत असत.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळत असताना त्या माझ्याजवळ आल्या. पर्समधून एक जुनी कॅसेट काढली. तीस वर्षांपूर्वी घरी टेपवर गायलेलं त्यांचं पहिलं गाणं तिच्यात होतं. तेच गाणं आज त्यांनी शेवटी म्हटलं होतं.

"पहिली ओळ कॅसेटवरची घे," त्या म्हणाल्या. "आणि दुसरी ओळ आजची. मध्ये थांबायचं नाही. ऐकणाऱ्याला कळता कामा नये, बाई कधी म्हातारी झाली ते."

"दोन्ही एकाच पट्टीत आहेत ना?"

"एवढा वेळ मी स्टेजवरून काय सांगत होते?" त्या हसल्या. "आणि आज तर गळा काय लागला होता! वरचा षड्ज असा हातात येऊन पडत होता. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं."

अण्णा पेटी मिटत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी अण्णांचा फोन आला.

"पेटी खाली ठेवा, ताई. अगदी खाली."

"खाली म्हणजे किती?"

"ऐकू नाही आली तरी चालेल. पेटी काय, नुसता आधार असतो."

दुपारी तबलजींचा आला. "ताई, तुम्ही मशीन कधी चालू केलंत? आम्ही जुळवत बसलो होतो तवा चालू होतं काय?"

"नाही. निवेदिका आल्यावर केलं."

"हां. सरी, सरी. मग काय नाही." सुस्कारा फोनवरही ऐकू आला.

गिटारवाल्यानं संध्याकाळी सातच्या सुमारास केला. "बेसिकली ते कॅसेटचं स्किप करता येईल का? म्हणजे आयडिया छान आहे अक्कांची, पण जरा चीझी नाही वाटत? डायरेक्ट लाइव्ह सुरू करू ना."

"हे अक्कांना सांगितलं का?"

"नाही नाही. तुम्हीच सांगा ना, टेप खराब आहे म्हणून."

टेप खराब आहे की नाही हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती माझ्या टेबलावर होती आणि अजून कुणी लावलेली नव्हती.

मंगळवारी ती लावली. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. पहिली ओळ संगणकात घेतली, तिच्या शेवटाला रविवारची दुसरी ओळ जोडली आणि ऐकलं. जोडावर पायरी चुकल्यासारखा आवाज खाली गेला. सूर मोजून पाहिला. कॅसेटवरचा सा काळी चार. रविवारचा सा पांढरी पाच, म्हणजे बरोबर अर्धा सूर खाली.

पहिला संशय कॅसेटवर घेणं भाग होतं. जुन्या मशिनी वेळेबरोबर राहत नाहीत. टेप जोरात पळाली तर सूर चढतो. अर्ध्या सुरासाठी तिनं शंभराला सहाच्या हिशेबानं जोरात पळायला हवं. हे तपासायची एक रीत आहे. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि साध्या टेपरेकॉर्डरवर गाण्याबरोबर तिची गुणगुणही उतरते. टेप जोरात पळत असेल तर ती गुणगुणही पन्नासावरून त्रेपन्नावर जाईल. आताच्या विजेची गुणगुण मिसळू नये म्हणून मी प्लेअर सेलवर चालवला. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत गुणगुण होती. ती पन्नासच्या इतकी जवळ होती की टेपला दोष देता येईना.

मग स्वतःच्या रेकॉर्डरवर संशय घेतला. मराठी मंडळाच्या एका कार्यकर्त्यानं फोनवर पूर्ण कार्यक्रमाचा व्हिडिओ घेतला होता. तो मागवला. त्या फोनचा आणि माझ्या रेकॉर्डरचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. व्हिडिओतलं शेवटचं गाणं आणि माझं, दोन्हींची लांबी सारखी भरली. सूरही तोच, पांढरी पाच.

व्हिडिओ कोपऱ्यातून घेतलेला होता, त्यामुळे पेटी स्पष्ट दिसत होती. मी चित्र थांबवून मोठं केलं. अण्णांची बोटं काळी चारवर होती. ऐकू येत होती पांढरी पाच.

याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. अण्णांची पेटी स्केल चेंजर आहे. तिच्या बाजूची कळ उचलली की पट्ट्यांची सगळी ओळ डावी-उजवीकडे सरकते. वाजवणारा बोटं नेहमीच्याच जागी ठेवतो, सूर मात्र बदललेला असतो. अक्का गाताना अण्णांच्या उजव्या हाताला बसत. त्यांना रविवारी जे दिसलं ते तीस वर्षं दिसत आलेलंच होतं. तानपुऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र अण्णाच लावत. गिटारच्या मानेवर सूर बदलण्यासाठी लावतात तो चिमटाही नेहमीपेक्षा एक घर खाली दिसला. निदान जाहिरातीच्या फोटोत होता त्याच्या एक घर खाली. आणि तबल्याचा माईक एकटा ऐकला, तर तबलाही पांढरी पाचला लावलेला.

म्हणजे तिघांनाही माहीत होतं. फक्त जी गात होती तिला माहीत नव्हतं.

तीन फोन, त्यातला प्रत्येक शब्द आता जागेवर बसला. पेटी ऐकू येऊ नये, जुळवताना मशीन चालू नसावं, कॅसेट काढून टाकावी. माझा निष्कर्ष असा होता: अक्कांचा आवाज वर पोचत नाही, हे तिघांच्या लक्षात आलं आहे, आणि कार्यक्रम चालू राहावेत म्हणून त्यांनी पट्टी अक्कांच्या नकळत खाली उतरवली आहे. किती दिवसांपासून, एवढाच प्रश्न उरला होता.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मी तिघांपैकी कुणालाही विचारलं नाही. ज्यांनी लपवलं आहे त्यांना विचारलं की ते कागद सावरतात, ही डेस्कवर लागलेली सवय. मागच्या वर्षीच्या एखाद्या कार्यक्रमाचा व्हिडिओ श्रोत्यांपैकी कुणाच्या तरी फोनवर असणारच होता. तोही मी मागवला नाही. बातमी असती तर एवढ्यावर ती मी स्वतः परत पाठवली असती.

एक सोपा मार्ग होता. कॅसेटवरची ओळ संगणकानं अर्धा सूर खाली आणायची. मिनिटभराचं काम. जोड बेमालूम झाला असता, अक्का खूश झाल्या असत्या, तिघांचा जीव भांड्यात पडला असता. मी ते करून ऐकलंही. तीस वर्षांपूर्वीचा आवाज एकदम जाड आणि थोडा सुस्त झाला. ती फाइल पुसून टाकली.

गुरुवारी सकाळी अकराला अक्का आल्या, एकट्या, रिक्षानं. हातात कोडबळ्यांचा डबा.

"अगं, ही खोली आहे की गादीवाल्याचं दुकान?" त्या खुर्चीवर बसल्या. "रिक्षावाला म्हणतो, अम्मा, स्वल्प चाला, गल्ली अरुंद आहे. स्वल्प म्हणत म्हणत अर्धा मैल चालवलं मला. हं, लाव."

मी जोड लावला. दोन्ही ओळी जशाच्या तशा, आपापल्या सुरात. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. जोड आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"टेप जोरात पळतेय तुझी."

"टेप बरोबर आहे."

"मग परत लाव."

परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग मी व्हिडिओ दाखवला आणि पेटीची कळ, चिमटा, तबला हे सगळं क्रमानं सांगितलं. सांगताना विशेषणं वापरली नाहीत.

"म्हणजे तिघं," त्या म्हणाल्या.

"हो."

"किती दिवस चाललंय हे?"

"ते मला माहीत नाही."

हे उत्तर अचूक होतं. पण 'माहीत नाही' हे मी अशा सुरात म्हटलं की बरेच दिवस चाललं असावं, असाच त्याचा अर्थ निघाला. तो मी दुरुस्त केला नाही.

त्या उठल्या. डबा तिथेच राहिला. दुपारी तीनच्या सुमारास त्यांच्या बँडच्या ग्रुपवर संदेश आला. मी त्या ग्रुपवर कामापुरती होते. "रेकॉर्डिंग कुठेही द्यायचं नाही. पुढचे कार्यक्रम रद्द. माझं गाणं थांबलं आहे. कुणी फोन करू नये."

दहा मिनिटांत अण्णांचा फोन आला. तीन दिवसांपूर्वी मला ताई म्हणणारे अण्णा आता मॅडम म्हणत होते.

"मॅडम, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"पट्टी उतरवलेली आहे, हे."

"का उतरवली ते विचारलंत?"

"का उतरवली?"

"तबला चुकीचा आला म्हणून!"

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तबलजींकडे दोन तबले आहेत. लहान तोंडाचा वरच्या सुरांसाठी, मोठ्या तोंडाचा पुरुष गायकांसाठी. दोन्हींच्या पिशव्या एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या. शनिवारी ते एका भजनाला मोठा घेऊन गेले आणि रविवारी सकाळी घाईत तीच पिशवी उचलून हॉलवर आले. मोठ्या तोंडाचा तबला काळी चारपर्यंत चढत नाही. हातोडीनं ठोकून ठोकून पांढरी पाचपर्यंत आला, आणखी ठोकला तर पुडी फाटली असती. घर व्हाइटफील्डला, जाऊन यायला दोन तास. लोक येऊन बसले होते. अक्का आत साडीची पिन लावत होत्या. अण्णांनी पेटी एक घर सरकवली.

"त्यांना सांगायचं होतं."

"तुम्हाला माहीत आहे त्या? एकदा माझ्या पेटीचा एक सूर बोलत नव्हता, तर कार्यक्रम अर्धा तास थांबवला होता बाईंनी. आणि त्या दिवशी तर रेकॉर्डिंग. तबला चुकीचा आणला म्हटल्यावर त्याला तिथल्या तिथे हाकलला असता. वाटलं, एक दिवस निघून जाईल. अर्ध्या सुरानं कुणाचं काय जातं?"

मला ते खरं वाटलं नाही. ऐकायला पटण्यासारखं होतं, तपशील भरपूर होते, आणि घाईत रचलेल्या खुलाशात तपशील नेहमीच भरपूर असतात. मी म्हटलं, "दोन्ही तबले घेऊन इथे या. अक्कांनाही बोलावते."

"त्या येणार नाहीत."

त्या आल्या. रविवारी सकाळी दहाला, तिघांच्या नंतर पाच मिनिटांनी. तिघे सतरंजीवर बसले होते. अक्का खुर्चीवर बसल्या, त्यांच्या दोन हात दूर.

"बोला. काय ठरवून आलात?"

"ठरवून काय, अक्का," तबलजी म्हणाले. "चूक माझी आहे. पिशवी चुकली."

"तुझी पिशवी चुकली, आणि ती चूक तिघं मिळून सांभाळत होतात होय? मी मधे बसलेली, आणि मलाच ऐकू येत नाही?"

"अक्का, आय मीन, आम्ही सांगणारच होतो..." गिटारवाल्यानं सुरुवात केली.

"तू गप्प. तुला तर कॅसेट चीझी वाटली म्हणे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ते मीच अक्कांना सांगितलं होतं.

तबलजींनी मोठा तबला पुढे घेतला. मी टेबलावर सूर मोजायचं यंत्र लावलं. ते हातोडीनं बाजूचे लाकडी गट्टे खाली ठोकत आणि मधल्या काळ्या शाईच्या कडेला बोट मारत. सूर चढत गेला, पांढरी पाचला आला.

"अजून," अक्का म्हणाल्या.

ठोक.

"अजून."

"अक्का, फाटंल."

"फाटू दे."

त्यांनी अजून दोनदा ठोकलं. पुडीचा आवाज कोरडा व्हायला लागला.

"मशीन काय म्हणतंय?"

"पांढरी पाचच्या थोडं वर," मी म्हटलं. "काळी चार नाही."

"बरं. म्हणजे हा तबला चढत नाही एवढं कळलं. त्या दिवशी हाच होता कशावरून?"

तो प्रश्न मीच विचारायला हवा होता. मी म्हटलं, ते तपासता येईल. आधीच्या रविवारच्या रेकॉर्डिंगमधला बाकीचा सगळा आवाज बंद केला आणि तबल्याचा एकटा माईक सुरू केला. त्यात अक्कांचं गाणं लांबून, दुसऱ्या खोलीतून यावं तसं येत होतं, आणि जवळ तबला. मग तबलजींना म्हटलं, तोच तुकडा आधी लहानावर वाजवा, मग मोठ्यावर. लहान तबल्याचा नाद टोकदार होता आणि लगेच संपत होता. मोठ्याचा मागे गोल रेंगाळत होता. रेकॉर्डिंगवरचा रेंगाळत होता. हे दाखवायला यंत्र लागलं नाही. अक्कांनी तीनदा ऐकलं आणि मान डोलावली.

अण्णा म्हणाले, "आता पटलं? तालीम नेहमी काळी चारमध्येच होते, अक्का. मागच्या मंगळवारीसुद्धा."

"तालमीतही सूर तुम्हीच देता."

"असं बोलू नका."

"मग कसं बोलू? एकदा तुमच्या बोटांवर भरवसा ठेवला नाही की सगळ्या तालमी तपासाव्या लागतात. आता कुठून आणू त्या?" तालमीत कुणी फोन बाहेर काढायचा नाही, हा त्यांचाच नियम होता. रेकॉर्डिंग एकाही तालमीचं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, त्या दिवशी गळा मोकळा होता."

तबलजींनी हातोडी पिशवीत ठेवली, बाहेर काढली आणि परत ठेवली. मला तेव्हा कळलं की अक्कांना दुखलं होतं ते त्यांच्या जाहीर शब्दामुळे नव्हे, निदान नुसतं त्यामुळे नव्हे. कित्येक वर्षांतला त्यांचा सर्वांत चांगला दिवस कुणीतरी एक कळ उचलून तयार केलेला होता, आणि तो तसा होता हे मी पुराव्यानिशी सिद्ध करून दिलं होतं.

त्या खुर्चीवरून उठल्या आणि सतरंजीवर, अण्णांच्या उजव्या हाताला बसल्या.

"पट्टी जागेवर आणा. माझ्यासमोर."

अण्णांनी कळ उचलली. पट्ट्यांची ओळ एक घर उजवीकडे सरकवली. अक्कांनी वाकून ती बसली की नाही ते बोटानं चाचपून पाहिलं. मग तानपुऱ्याचं यंत्र स्वतःकडे ओढलं आणि त्याचं बटण स्वतः फिरवलं.

"लहान तबला घे. गिटार नको."

त्यांनी शेवटचं गाणं म्हटलं. मुखडा खालीच आहे, तिथे काही कळण्यासारखं नव्हतं. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत वरचा षड्ज येतो आणि तिथे थांबायचं असतं. पहिल्यांदा त्या थांबल्या नाहीत, लावून लगेच उतरल्या. त्यांनी हात वर केला. सगळे थांबले. पाणी प्यायल्या. दुसऱ्यांदा त्या तिथे थांबल्या. आवाज पातळ होता. थोडा थरथरला, मग स्थिर झाला, आणि किती वेळ ते मी मोजलं नाही.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला की, अक्का," तबलजी म्हणाले.

"परफेक्ट," गिटारवाला म्हणाला.

"तुम्ही म्हणणारच." त्या माझ्याकडे वळल्या. "मशीन काय म्हणतंय?"

यंत्र मी तबल्याचं झाल्यावर बंद केलं होतं. "बंद आहे," मी म्हटलं. "बघितलं नाही."

"बघितलं नाहीस, की सांगत नाहीस?"

"बघितलं नाही."

पट्टीची गोष्ट याच खोलीत मी त्यांच्यापासून लपवली नव्हती, आणि तिचेच परिणाम आम्ही सगळे भोगत होतो. तरी त्यांना माझं म्हणणं पटलेलं दिसलं नाही. पटावं यासाठी माझ्याकडे पुरावाही नव्हता.

"कॅसेट काढून टाक," त्या म्हणाल्या. "मागच्या रविवारचं जे आहे ते राहू दे, जसं आहे तसं. आणि मी स्टेजवर जे बोलले ते काप."

"तसं केलं तर ते पूर्ण थेट राहणार नाही."

"मग तसं लिही खाली. थोडं बोलणं कापलंय म्हणून."

ते मी लिहिलं. कापायला मात्र वेळ लागला, कारण ते बोलणं चारही माईकमध्ये शिरलं होतं. त्यांच्या माईकमधून काढलं तरी तबल्याच्या माईकमध्ये बारीक ऐकू येत होतं, आणि पेटीच्याही. शेवटी चारही ठिकाणी कापलं आणि त्यामागच्या टाळ्यांनाही कात्री लावावी लागली.

त्या दिवशी निघताना अक्कांनी तिघांना सांगितलं, "मंगळवारी चारला. तालीम." अण्णा पेटी उचलायला वाकले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पेटी माझ्याकडे ठेवा. मंगळवारी तिथेच वाजवा." अण्णांनी हरकत घेतली नाही. गिटारवाल्यानं ती जिन्यावरून खाली नेली, आणि अक्का तिच्या मागोमाग, एक हात पेटीवर ठेवून उतरल्या.